न सरणारं बाळंतपण

नेऱ्यातल्या आनंदा घरतच्या घरात मंगळवारी सकाळी डिंक तळला जात होता. तुपात पडलेला डिंक फुलायला लागला की त्याचा वास ओटीवरून थेट रस्त्यापर्यंत जातो, आणि गावातल्या बाया न विचारता ओळखतात की या घरात बाळंतीण आहे. आनंदाच्या बायकोला, मालूला, तेच हवं होतं. म्हणून तिनं स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवली होती.

बाळंतीण म्हणजे तिची लेक प्राची. आणि बाळ? बाळ त्या वेळी अंगणात कोंबडीच्या मागं धावत होतं. धावत, बरं का! कादंबरी चौदा महिन्यांची झाली होती. भाकरीचा पापुद्रा ती आपल्या हातानं तोडून खायची, चपला उलट्या घालायची, आजोबांना नावानं हाक मारायची. आणि तिची आई अजून बाळंतिणीचे लाडू खात होती.

शेजारीण कढीपत्ता मागायला आली. खरं तर कढीपत्ता तिच्याही दारात होता.

"प्राची हाय काय गो अजून?" तिनं विचारलं.

"हाय ना," मालू झाऱ्यानं डिंक परतत म्हणाली. "अंग भरला नाय अजून पोरीचा. जावईपन बोलले, घाई नको, सावकाश येऊ दे."

"चांगला हाय बाय तुजा जावई. आमचा तर सव्वा महिना झाला ना झाला, दारात येऊन उभा ऱ्हायला."

मालू हसली. शेजारीणही हसली. दोघींनाही ठाऊक होतं की दुसरी का हसते आहे. मागच्या पडवीत कपडे वाळत घालणारी प्राची मात्र हसली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्यानं काढली त्याला मुलगी नसावी. मुठीत काय कोंडलंय हे त्याला कुठून कळणार?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची चांगली रीत आहे. सासरी राबणाऱ्या मुलीला चार महिने आईच्या हातचं ऊन जेवण मिळतं, शेक-शेगडी मिळते, कुणी 'ऊठ' म्हणत नाही. रीत चांगली म्हणून तिच्यावर कुणी संशयही घेत नाही. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी आली तर 'का आली' असं कोण विचारणार? ओटी भरून, हिरव्या साडीत, पेढे वाटत तिला आणून सोडतात. आणि एखाद्या नवऱ्याला बायको टाकायचीच असेल, तर याहून सोपी वाट त्याला साऱ्या जगात सापडायची नाही. लोक 'टाकली' म्हणत नाहीत. लोक म्हणतात, 'बाळंतपणाला आली.'

निकेश मढवीनं हेच केलं होतं.

निकेश ओवे गावचा. बुधाजी मढवींचा थोरला मुलगा. शिकायला म्हणून इंग्लंडला गेला, तिथंच नोकरीला लागला, पुढं तिथला नागरिक झाला. राहायचा रेडिंग नावाच्या शहरात. पण रेडिंग कोणाला माहीत? लग्नाच्या वेळी नेऱ्याच्या नाक्यावर जो फ्लेक्स लागला त्यावर आनंदानं 'लंडन' छापून घेतलं. फार्मसी शिकलेली, पनवेलच्या एका औषधाच्या दुकानात काम करणारी आपली मुलगी लंडनला चालली, या आनंदात हळदीला डीजे पहाटेपर्यंत वाजला. निकेशबद्दल आनंदानं एकच चौकशी केली होती : घर स्वतःचं आहे की भाड्याचं.

घर स्वतःचं होतं. त्याची किल्ली मात्र प्राचीला कधी मिळाली नाही. कामावर जाताना निकेश बाहेरून कुलूप लावी. मीठ जास्त झालं म्हणून मारी, फोनवर हसली म्हणून मारी, आणि काहीच झालं नाही तर 'तोंड का पाडलंस' म्हणून मारी. ती रडली की शांतपणे समजावून सांगे, "हे बघ, तू इथं माझ्या व्हिसावर आहेस. एक ईमेल टाकला ना, पोलीस येतील आणि तुला विमानात बसवतील. मूल झालं तर ते इथंच राहील. कळलं?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तोंड दाबायला त्याला हातसुद्धा लागत नव्हता, व्हिसा पुरत होता.

त्या देशातल्या दवाखान्यांत एक पद्धत आहे. गरोदर बाईला तपासणीत निदान एकदा तरी एकटीला बसवतात. नवऱ्याला गोड बोलून बाहेर पाठवतात आणि विचारतात, 'घरी सगळं ठीक आहे ना? कुणी मारतं का?' पहिल्या खेपेला प्राची म्हणाली, 'नाही, माझे मिस्टर फार चांगले आहेत.' दुसऱ्या खेपेला तिच्या खांद्याच्या मागं इस्त्रीचा डाग होता आणि ब्लाउज त्याला चिकटला होता. त्या दिवशी ती खरं बोलली. नर्सबाईनं सगळं टिपून घेतलं, मदतीचा नंबर दिला. तो जवळ ठेवायची प्राचीची हिंमत झाली नाही.

दवाखान्यातून आल्यावर तिचे सुजलेले डोळे पाहून निकेशला काय कळलं कोण जाणे. आठवड्याभरात तो एकदम मवाळ झाला. म्हणाला, "गावी जाऊ या. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरीच करतात."

ओवे गावात ओटी भरली. नेऱ्यात पेढे वाटले. निघताना निकेशनं तिचा पासपोर्ट आणि तिथं राहण्याचं कार्ड मागून घेतलं. "बाळाचं तिकडचं कागदांचं काम आधीच सुरू करून ठेवतो," म्हणाला. आनंदा कौतुकानं म्हणाला, "बघ, केवढी काळजी करतंय पोरीची!" मुलगी झाल्यावर निकेशचे दोन फोन आले. मग फोन लागेना. बुधाजी म्हणत, "कामात हाय पोरगा."

मालूला सगळं कळलं ते प्राचीला तेल लावताना. खांद्यामागचा तो त्रिकोणी डाग तिनं पाहिला आणि हात थांबला. प्राचीनं पालथं पडल्या पडल्या सगळं सांगितलं. मालू रडली, निकेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, डागावरून जपून तेलाचा हात फिरवला. आणि मग लेकीच्या अंगावर चादर ओढून म्हणाली, "कोनाला सांगू नको, पोरी. मितेशचा जमतंय."

मितेश हा प्राचीचा धाकटा भाऊ. त्याचं उरणकडच्या हेतलशी लग्न ठरत होतं. टाकलेली बहीण घरात आहे असं कळलं असतं तर हेतलच्या घरच्यांनी चार वेळा विचार केला असता. तेव्हा प्राची टाकलेली नव्हती, बाळंतीण होती. मालूनं आनंदालाही सगळं सांगितलं होतं, आणि बारशाच्या दिवशी तर त्यानं कमालच केली. माइक हातात घेऊन सगळ्या पाहुण्यांपुढं म्हणाला, "आमचे जावईबापू सोता येऊन सोडून गेले. पोरीचीच इच्छा व्हती माहेरी यायची. तुला पायजे तवडा ऱ्हा, बोलले. असा जावई नशीबवाल्याला मिलतो!" टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो गावभरच्या फोनवर फिरला.

बाप मुलीची अब्रू झाकायला गेला आणि त्यानं जावयाच्या हातात काठी दिली. डिंकाच्या वासानं भरलेल्या त्याच मंगळवारी दुपारी पोस्टमन निकेशच्या वकिलाची नोटीस घेऊन आला. पत्नी स्वेच्छेनं माहेरी निघून गेली, वारंवार बोलावूनही नांदायला येत नाही, सबब घटस्फोट हवा. पुरावा म्हणून बारशाचा व्हिडिओ जोडत आहोत. आनंदाला स्वतःच्याच तोंडचं वाक्य नोटिशीत वाचायला मिळालं. चोर तो चोर, वर शिरजोर. पण चोराला शिडी कुणी लावून दिली होती?

मालू ओटीवर बसून डोकं धरून राहिली. प्राचीला मात्र त्या नोटिशीनं जाग आणली. इतके दिवस ती वाट पाहत होती. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. आता वाट पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं रेडिंगच्या दवाखान्याला ईमेल लिहिला : मी तुमच्याकडे तपासणीला येत होते, मी नर्सबाईंना जे सांगितलं त्याची नोंद मला मिळेल का?

नोंद मिळाली. शिवाय त्यांनी तिला तिथल्या एका महिला संस्थेशी जोडून दिलं. तिथली बाई पंजाबी होती, हिंदीत बोलली. तिनं जे सांगितलं ते प्राचीनं तीनदा विचारून घेतलं, कारण तिचा विश्वास बसेना. त्या देशानं अलीकडेच नियम बदलले होते. तिथल्या नागरिकानं बायको म्हणून नेलेल्या बाईचा छळ केला आणि तिला परदेशात नेऊन टाकून दिलं, तर ती बाई टाकलेल्या जागेवरूनच परत येण्याची परवानगी मागू शकते. स्वतःच्या नावानं मागू शकते, कायम राहण्यासाठी मागू शकते, आणि त्या अर्जावर नवऱ्याची सही लागत नाही.

"म्हणजे त्याला विचारणार नाहीत?" प्राचीनं विचारलं.

"परवानगी देणारा तो कोण?" पंजाबी बाई म्हणाली. "मिळेलच असं मी सांगत नाही. पुरावा भक्कम लागतो. पण हक्क तुझा आहे."

चार दिवसांनी प्राची पनवेलला वसुंधरा गुप्ते यांच्या ऑफिसात बसली होती. वसुंधराताई कोर्टात बायकांच्याच केसेस चालवत. बोलणं रोखठोक.

"दवाखान्याची नोंद फर्स्ट क्लास आहे," कागद चाळत त्या म्हणाल्या. "छळ झाला हे त्यातून दिसतं. पण त्यानं तुला *टाकलं*, हे कशावरून? तो म्हणतो ती आपल्या मनानं गेली. आणि तुझे बाबा माइकवर तेच म्हणतायत."

"ते खोटं बोलले, मॅडम. लोकांसाठी."

"मला कळतं गं. पण तुझा अर्ज तपासणाऱ्या साहेब लोकांना तिकडं बसून कसं कळणार? कागद कोण घेऊन गेलं, डाग कुणी पाहिला, फोन कधी बंद झाला, हे तुझ्या आईबाबांनी शपथेवर सांगायला हवं. आणि बाबांनी हेही सांगायला हवं की बारशाचं भाषण खोटं होतं. त्यांनी तोंड नाही उघडलं ना, तर तुझी केस अर्धी गेली."

म्हणजे सगळं आता त्या दोघांवर येऊन ठेपलं होतं. प्राचीनं घरी येऊन सांगितलं.

"लगीन हाय घरात," आनंदा म्हणाला. "मितेशचा होऊ दे. मंग बोलू."

"मग म्हणजे कधी, बाबा? कोर्टात तारीख लागेल. तिकडं तो सांगतोय की मी पळून आले. माझं ऐकणारं कोण नाय तिकडं. तुमी नाय बोललात तर मी खोटी ठरन."

"पन तुला जायाचाच कशाला परत?" मालूनं विचारलं. "मार खायाला?"

"त्याच्या घरात कोन जातंय? मी माझ्या मनानं ऱ्हाईन. मदत करनाऱ्या बायका हायेत तिकडं. तिथली फार्मसीची परीक्षा देईन, माझ्या कामाला लागन. कादंबरी तिथल्या नागरिकाची पोर हाय, तिलापन हक्क हाय. आन नायतर काय करू? म्हातारी होईपर्यंत बाळंतीण ऱ्हाऊ?"

मितेश आत मोबाइलवर होता, तो चिडून बाहेर आला. "ताई, तुला दोन महिने थांबता येत नाय? माझा पन इचार कर."

दोन महिने थांब, असं प्राचीला आतापर्यंत घरातल्या प्रत्येकानं सांगून झालं होतं. ती मुलीला घेऊन मागं गेली.

बुधाजी मढवींना याची कुणकुण लागली. लगेच निरोप आला : कोर्टकचेऱ्या कशाला, आपल्यात बैठक घालू. बैठक म्हणजे दोन्हीकडच्या जाणत्या पुरुषांनी बसून चहा पिणं आणि बाईचं काय करायचं ते ठरवणं. अट साधी होती. प्राचीनं चार लोकांत एकदाच म्हणायचं की मी माझ्या मर्जीनं आले. मग समजुतीनं घटस्फोटाच्या कागदावर सही करायची. त्या बदल्यात तिचे सासरी राहिलेले दागिने आणि पासपोर्ट परत, गावात वाच्यता नाही, आणि मितेशचं लग्न निर्धास्त. आनंदाला हे बरं वाटलं. कुणालाही बरं वाटेल असंच ते रचलं होतं.

रविवारी सकाळी आनंदाच्या ओटीवर सतरंज्या पडल्या. बुधाजी आले, दोन्ही गावचे पाचसहा जाणते आले, हेतलचे काकाही येऊन बसले. बायका रिवाजाप्रमाणं आत. मालू चहा गाळत होती. टिपॉयवर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यात निकेश दिसत होता. इस्त्रीचा शर्ट, मागं पुस्तकांचं कपाट.

"नमस्कार सगळ्यांना," निकेश म्हणाला. "मला काय कोनाशी वाद घालायचा नाय. मी तिला टाकली असा बोलतात, पन आपली पद्धत हाय ना, पयला बाळंतपन माहेरी? मी पद्धत पाळली. आता ती येत नाय, ता तिचा प्रश्न."

"बरोबर हाय," एक जाणता म्हणाला. "पद्धत तर हायच."

बुधाजींनी हाक मारली, "प्राची, ये गो पोरी बाहेर. फकस्त हो बोल, की आपल्या मर्जीनं आयलेस. मंग जा आत."

प्राची उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिनं फोनकडं पाहिलं आणि तिला जाणवलं की हा माणूस आता हाताला लागत नाही, म्हणजे त्याचाही हात तिला लागत नाही.

"मी हो बोलनार नाय," ती म्हणाली.

"अगो, आईका आधी..."

"आईकला. पुष्कळ आईकला. मी मर्जीनं आले नाय. मला आनून टाकली. माझा पासपोर्ट याच्या कपाटात हाय, विचारा त्याला. मर्जीनं आलेल्या बाईचा पासपोर्ट नवरा कशाला लपवंल?"

जाणत्यांनी फोनकडं पाहिलं. निकेश हसला. "बघा, ही अशी बोलते. मी तिला तिकडं नेली, खायाला घातला. माझ्यामुलं तिला तो देश दिसला."

"तुझा घर नको मला, निकेश," प्राची म्हणाली. "तुझा नावपन नको. पन त्या देशाचा दरवाजा तुझ्या बापाचा नाय. मी हक्कानं गेली व्हती, हक्कानंच परत जाईन. तुला विचारायची गरज नाय, असा तिकडचा कायदाच हाय."

बुधाजींचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी प्राचीला सोडून आनंदाला धरलं. "आनंदा, तू सांग. तुझ्या पोरीचा काय आईकायचा? बारशाला माइकवर तूच बोललास ना, मर्जीनं आली म्हनून? तवा खोटा बोललास, का आता बोलनार हायस?"

सगळ्यांच्या नजरा आनंदाकडं वळल्या. तो सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्याच्या शेजारी हेतलचे काका होते, समोर मितेश. खरं बोलावं तर मुलाचं लग्न जातं, खोटं बोलावं तर मुलगी जाते. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

शब्द फुटला तो आतून. मालू चहाचं गाळणं हातात तसंच घेऊन ओटीवर आली होती.

"त्यांला काय विचारता?" ती म्हणाली. "मना विचारा. माझी पोर बाळंतपनाला नाय आली. तिला टाकून गेलाय तुमचा पोरगा. बाळंतपनाचा नाव मी दिला. लाडू मी वलले, खिडकी उघडी ठेवून डिंक मी तलला. मी खोटी बोलली, साऱ्या गावाशी."

"मालू," तोच जाणता म्हणाला, "बाईमानसांनी बैठकीत बोलायचा नाय."

"बाईमानसा बोलत नाय म्हनून तर ह्यो इथवर आयला!" मालूचा आवाज चढला. "इस्त्री लावली यानी माझ्या पोरीला. कपड्याला लावतात तशी. ह्या हातानी मी तेल चोललाय त्या डागावर, आन ह्याच हातानी झाकला. का तर माझ्या पोराचा लगीन हाय. लाज मना वाटाया पायजे, तिला नाय. झाकायचा व्हता ता यांच्या घरानी, आमी कशाला झाकला?"

आपण एवढं बोललो याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. फोनवर निकेश काहीतरी म्हणायला लागला, 'सगळं खोटं आहे, मी केस टाकीन' असं काहीसं, आणि मग पडदा काळा झाला. त्यानंच बंद केला होता.

"आनंदा," बुधाजी उठत म्हणाले, "तुझ्या बायकोला आवर."

आनंदानं हातातला दोरा सोडला. "आता नाय आवरत, बुधाजीशेट," तो म्हणाला. "ती बोलली ता खरा हाय. मीच बारशाला खोटा बोललो."

बैठक मोडली. चहा तसाच राहिला. हेतलचे काका सगळ्यांच्या आधी निघून गेले, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून लग्न मोडल्याचा फोन आला. इथं मला खोटं लिहायचं नाही. ते लग्न पुन्हा जुळलं नाही. मितेश कितीतरी दिवस बहिणीशी बोलला नाही, जेवणाचं ताट उचलून वरच्या मजल्यावर जाऊन जेवायचा. खरं बोलण्याची किंमत पडतेच. पण ती आजवर एकटी प्राची भरत होती, एवढंच त्या घरानं आता ओळखलं.

दुसऱ्या दिवशी आनंदा आणि मालू वसुंधराताईंच्या ऑफिसात त्यांच्यासमोर बसले. ताईंनी जबाब लिहायला घेतला आणि नाव, वय, पत्ता विचारू लागल्या.

"ता मागून लिवा, बाय," आनंदा म्हणाला. "पयला ता लिवा, की बारशाला मी माइकवर खोटा बोललो. का बोललो तापन लिवा. लोक काय बोलतील म्हनून बोललो."

ताईंनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

पोलिसांत तक्रार झाली, प्राचीचा नवा पासपोर्ट निघाला, बाप तिथला नागरिक म्हणून कादंबरीला तिथलाच पासपोर्ट मिळाला. रेडिंगची पंजाबी बाई फोनवर धीर देत राहिली. अर्ज गेला, बोटांचे ठसे झाले, आणि मग नुसतं थांबणं आलं. गावानं त्या काळात काय काय म्हटलं ते लिहून शाई फुकट कशाला घालवू? 'बापानंच पोरीचा संसार मोडला', 'आई फार शहाणी झाली', 'शिकलेली पोरगी म्हणजे अशीच'. मालूनं आता खिडकी उघडी ठेवली काय आणि लावली काय, सारखंच होतं. ती जेवायला साधी भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी करी, आणि प्राची घरातल्या सगळ्यांबरोबर बसून तेच खाई.

उत्तर आलं तेव्हा प्राची कादंबरीला आंघोळ घालत होती. तिनं ओल्या हातानंच फोन उघडला. परवानगी मिळाली होती. तिच्या स्वतःच्या नावावर. ती न्हाणीतच खाली बसली आणि मोठ्यानं रडली, इतकी की मालू धावत आली. पोर आईला रडताना पाहून तिच्या डोक्यावर पाणी ओतू लागली.

पनवेल कोर्टातली केस अजून चालू आहे. निकेशला उत्तरं द्यावी लागताहेत, आणि पहिल्यांदाच ती त्याला स्वतःला द्यावी लागताहेत. विमानतळावर सोडायला मितेश गाडी घेऊन आला. वाटेत फारसं बोलला नाही. बॅगा मात्र त्यानंच उचलल्या आणि भाचीला आत जाईपर्यंत खांद्यावरून खाली उतरवलं नाही.

नंतर एका दुपारी मालू गावात एका घरी पापड लाटायला गेली होती. पंधरा-वीस बायका होत्या. प्राची गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायचं कसं? अखेर एकीनं विषय काढलाच. "मंग, जावई आयलं व्हतं काय न्यायला?"

"नाय," मालू म्हणाली. लाटणं चालूच होतं. "कोनी नाय आयला. तिची ती गेली."

"सासू-सासरं?"

"नाय गो. टाकलेली व्हती ती. मारायचा तिला. आता तिकडं तिची ती ऱ्हाते, कामाला जाते."

बायकांचे हात थांबले. हे शब्द त्या घरोघरी कुजबुजत आल्या होत्या. भर दुपारी, पंधरा-वीस जणींत, सरळ आवाजात कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. कोपऱ्यात एक बाई होती, जिची लेक सुरतेहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. त्या लेकीचा मुलगा आता अंगणवाडीत जात होता. ती बाई इतका वेळ मान खाली घालून लाट्या करत होती.

"असा जाता येतंय?" तिनं हळूच विचारलं.

"सगलीचा एक नसतंय. तुझ्या पोरीचा काय, ता वकीलबाय सांगंल," मालू म्हणाली. "पन त्याच्या आधी आपल्याला खरा बोलाया लागतंय."

ती बाई क्षणभर बाकीच्यांकडं पाहत राहिली. मग तिनं पिठाचे हात पदराला पुसले, आपला पाट उचलला आणि सगळ्यांच्या देखत मालूच्या समोर आणून मांडला.

"सांग," ती म्हणाली. "मोठ्यांदी सांग. माझीपन टाकलेलीच हाय."